एका भित्र्याचा युक्तिवाद

१९६४च्या ऑगस्टमध्ये टोन्किनच्या आखातातल्या चकमकीचे निमित्त झाले आणि अमेरिकी काँग्रेसने अध्यक्ष जॉन्सन यांना व्हिएतनाममध्ये हवे ते करायची मोकळीक देऊन टाकली. प्रतिनिधिगृहात विरोधात एकही मत पडले नाही, सेनेटमध्ये दोन पडली. त्यानंतर दोन-अडीच महिन्यांत एमजीएमने एक कृष्णधवल विनोदी प्रेमपट पडद्यावर आणला, ‘दि अमेरिकनायझेशन ऑफ एमिली’. त्याचा नायक अमेरिकी नौदलातला लेफ्टनंट कमांडर आहे आणि तो छातीठोकपणे सांगतो की मी भित्रा आहे. नुसते सांगून थांबत नाही, भित्रेपणाचा प्रचारही करतो. शौर्याला सद्गुण मानले जाते तोवर सैनिक मिळतच राहणार, तेव्हा जग वाचलेच तर ते भित्र्यांमुळे वाचेल, असे त्याचे म्हणणे.

साठ वर्षांपूर्वीचा हा चित्रपट आज पुन्हा काढून बसायचे कारण त्यातली प्रेमकथा नव्हे, जरी ती फर्मास आहे. त्यातल्या भित्र्याने जो प्रश्न उभा केला आहे तो आपल्याकडे विचारायची सोय उरलेली नाही. रणांगणावर मेलेल्या माणसाचा आपण गौरव करतो तेव्हा तो नेमका कुणाच्या खात्यावर जमा होतो? त्या माणसाच्या, की त्याला तिथवर नेणाऱ्या सगळ्या व्यवहाराच्या? मला वाटते, ही दोन खाती आपण मुद्दाम एकत्र ठेवली आहेत. ती वेगळी करायला निघालेल्या माणसाला कृतघ्न ठरवणे सोपे जाते म्हणून.

युद्धविरोधी चित्रपट म्हटला की चिखल, खंदक, तुटलेले हातपाय डोळ्यांसमोर येतात. इथे त्यातले जवळजवळ काही नाही. १९४४ सालचे लंडन आहे, जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरायच्या नॉर्मंडीच्या स्वारीची तयारी चालली आहे, आणि अमेरिकी ॲडमिरल मंडळी एका उंची हॉटेलात उतरली आहेत. चार्ली मॅडिसन (जेम्स गार्नर) त्यांच्यातल्या एकाचा खास माणूस. साहेबांना लागेल ते पैदा करणे हे त्याचे काम: स्टेक, स्कॉच, परदेशी अत्तरे, नायलॉनचे मोजे, पत्ते खेळायला चौथा भिडू, आणि पार्टीसाठी बायका. ब्रिटनमध्ये १९४० पासून रेशनिंग आहे, चॉकलेटसुद्धा १९४२ पासून कुपनावर मिळते, आणि हा गडी हर्शीच्या वड्या खिरापतीसारख्या वाटत सुटला आहे. नौदलाच्या ताफ्यात मोटार चालवणारी एमिली बरॅम (ज्युली अँड्र्यूज, त्याच वर्षी मुलांच्या चित्रपटातली उडती दाई म्हणून जगभर गाजलेली) त्याचा मनापासून तिरस्कार करते. नवरा, भाऊ, वडील, तिघेही युद्धाने नेलेली ही मुलगी. तिला हा हसरा, गुबगुबीत अमेरिकन सहन होत नाही, आणि मग अर्थातच ती त्याच्या प्रेमात पडते. कारणही ती लपवत नाही. आजवर प्रेम केलेली सगळी माणसे शूर होती आणि सगळी मेली. हा भित्रा आहे, हा जगेल.

चित्रपटात एक गोष्ट आज डोळ्यांत सलते, ती सांगून टाकतो. साहेबांसाठी बायका ‘पुरवणे’ आणि मोटारचालक मुलींच्या पाठीवर चापट्या मारत फिरणे, हे चित्रपट अर्धे उपहासाने दाखवतो आणि उरलेले अर्धे चक्क मजेत. अमेरिकी सुबत्तेत बायकाही एक जिन्नस आहेत ही टीका ऐकू येते, पण कॅमेराही त्याच मेजवानीत जेवून घेतो. पुरुषांच्या शौर्याची एवढी चिरफाड करणाऱ्या लेखकाला पुरुषीपणाचा हा दुसरा चेहरा तितकासा दिसला नाही.

आता त्या बागेतल्या प्रसंगाकडे येतो, कारण सगळा चित्रपट त्याच्यावर उभा आहे. एमिली चार्लीला आईला भेटवायला घरी नेते. मिसेस बरॅम (जॉइस ग्रेनफेल) चहा ओतते, गोड बोलते, आणि नवरा-मुलगा अजून जिवंत असल्यासारखी त्यांच्याविषयी बोलते. अशा घरी गेलेला पाहुणा काय करील? दोन सहानुभूतीचे शब्द बोलेल. चार्ली उलट बोलत सुटतो. सेनापतींना आणि मंत्र्यांना दोष देऊन युद्धे थांबणार नाहीत, तो म्हणतो. त्यांचे पुतळे उभारणारे आपण, रस्त्यांना त्यांची नावे देणारे आपण, मेलेल्यांना वीर आणि रणभूमीला देऊळ करणारे आपण. विधवेचा वेष आपण जोगिणीसारखा मिरवतो आणि त्यागाची थोरवी गात गात युद्ध चालू ठेवतो. मग तो आपल्या भावाचे सांगतो. भाऊ इटलीत ॲन्झिओला मेला, कुठलाही पराक्रम न करता, साध्या सैनिकासारखा. सापडले ते तुकडे पुरले. पण आईचा हट्ट असा की तो शूराचे मरण मेला, आणि तिला त्याचा अभिमान आहे. आता धाकटा भाऊ भरतीचे वय कधी होते याची वाट बघतोय. आणि ती अभिमानी आई? ती औषधांच्या गुंगीत असते, कारण एखाद्या सकाळी उठावे तर उरलेला मुलगाही शूर व्हायला पळून गेलेला असेल, या भीतीने तिला झोप लागत नाही.

हे सगळे फार निष्ठुरपणे बोललेले आहे, आणि मिसेस बरॅम कोसळते. पण त्या कोसळण्यात काही महिन्यांत पहिल्यांदाच ती खरे बोलते. माझा नवरा गेला, माझा मुलगा गेला. तोवर तिने सभ्यपणे, हसतमुख राहून शोक आवरला होता. तो आवरण्याबद्दल सगळे तिचे कौतुकच करत असणार.

हा युक्तिवाद लिहिणारे, दाखवणारे, बोलणारे लोक कोण होते हे बघण्यासारखे आहे. पटकथाकार पॅडी चायेफस्की स्वतः दुसऱ्या महायुद्धात लढला, जर्मनीत आखनजवळ भूसुरुंगावर पाय पडून जखमी झाला. दिग्दर्शक आर्थर हिलर कॅनडाच्या हवाई दलात बॉम्बफेकी विमानांचा दिशादर्शक होता. जेम्स गार्नर कोरियात दोनदा जखमी झाला, त्यातल्या एका वेळी तर आपल्याच बाजूच्या विमानांच्या माऱ्यात. चित्रपटातही त्याला आपल्याच बाजूचा माणूस गोळी घालतो. चित्रपट विल्यम ब्रॅडफर्ड ह्यूई याच्या कादंबरीवर बेतलेला आहे, आणि ह्यूईही नौदलात होता. आरामखुर्चीत बसून सैनिकांना शहाणपण शिकवणारे यांतले कुणीच नव्हते. ही यादी द्यायची वेळ यावी हेच खरे तर वाईट आहे, कारण युद्धावर बोलायचा अधिकार फक्त लढलेल्यांना असतो असे मी मानत नाही. युद्धाची किंमत सगळे मोजतात, तेव्हा बोलायचा अधिकारही सगळ्यांचा. पण आपल्याकडे हे वाक्य संपायच्या आत ‘तू सीमेवर गेला होतास का?’ हा सवाल येतो, म्हणून यादी.

यावरचा सर्वांत मोठा आक्षेप उघड आहे. समोर हिटलर होता. नॉर्मंडीत उतरणारे सगळे चार्लीसारखे पाय लावून पळाले असते तर? आक्षेप खरा आहे आणि चायेफस्कीला तो ठाऊक नव्हता असे समजणे मूर्खपणाचे. ब्राँक्समधल्या ज्यू आईबापांचा हा मुलगा, हिटलर काय चीज आहे हे त्याला कुणी सांगायला नको होते. त्याने जाणूनबुजून सर्वांत अवघड युद्ध निवडले. व्हिएतनामच्या पार्श्वभूमीवर भित्रेपणाचे गोडवे गायला फारशी अक्कल लागत नाही, नॉर्मंडीच्या पार्श्वभूमीवर लागते. आणि नीट ऐकले तर चार्ली हे युद्ध लढू नये असे म्हणतच नाही. तो स्वतः पॅसिफिकमध्ये ग्वाडलकॅनालला लढून आला आहे, तिथेच त्याला आपल्या भीतीचा साक्षात्कार झाला. त्याचा राग युद्ध करण्यापेक्षा युद्धाला पवित्र करण्यावर आहे.

एखादी गोष्ट अटळ असणे आणि ती थोर असणे यांत अंतर आहे. शस्त्रक्रिया अटळ असते, ती नीट पार पडली तर सर्जनचे पाय धरावेत, पण आपल्या पोराने मोठेपणी एक चांगली मोठी शस्त्रक्रिया करून घ्यावी अशी स्वप्ने कुणी बघत नाही. १९४४ मध्ये लढणे अटळ होते हे मान्य करूनही चार्लीचे निदान जागच्या जागी राहते, कारण अटळ युद्धातून कमावलेली पुण्याई पुढच्या, मुळीच अटळ नसलेल्या युद्धावर खर्च होते. टोन्किनच्या ठरावावर हात वर करणाऱ्यांच्या पिढीची सगळी नैतिक शिदोरी नॉर्मंडीतून आलेली होती.

निदान बरोबर, पण औषध? तिथे मी चार्लीबरोबर नाही. भित्रेपणाचा धर्म हा वरच्या मजल्यावरच्यांचा धर्म आहे. चार्ली बिनधास्त भित्रा राहू शकतो, कारण त्याच्या डोक्यावर ॲडमिरलचा हात आहे. ज्याच्या डोक्यावर तसा हात नव्हता त्याचे काय झाले, हे ह्यूईनेच आधी लिहून ठेवले होते. एडी स्लोविक नावाचा एक अमेरिकी शिपाई. मला आघाडीवर पाठवलेत तर मी पळून जाईन, असे त्याने स्वतः लिहून दिले. दुसऱ्या महायुद्धात पळून गेल्याबद्दल अमेरिकी लष्करी न्यायालयांनी ४९ जणांना मृत्युदंड सुनावला. अंमलबजावणी एकट्या स्लोविकच्या बाबतीत झाली. ३१ जानेवारी १९४५ला फ्रान्समध्ये त्याला गोळ्या घातल्या. हा प्रकार वर्षानुवर्षे झाकलेला होता, ह्यूईने १९५४ मध्ये त्यावर पुस्तक लिहून तो चव्हाट्यावर आणला. दहा वर्षांनी त्याच्याच दुसऱ्या पुस्तकावरून काढलेल्या चित्रपटात भित्रेपणा हा हसरा, देखणा, चॉकलेट वाटणारा झाला. भित्रेपणाचे ते तत्त्वज्ञान कादंबरीत नव्हते, चायेफस्कीने घातले. मला हे दोन अमेरिकी शेजारी शेजारी ठेवून बघावेसे वाटतात. दोघेही मरायला तयार नव्हते. फरक पदाचा होता.

शौर्याचेही असेच आहे. कुणाचे मरण पुढे करायचे आणि कुणाचे झाकायचे हे वरून ठरते. चित्रपटातले सर्वांत विखारी कथानक याचेच. ॲडमिरल जेसप (मेल्विन डग्लस) बायकोच्या मरणाने आणि कामाच्या ताणाने भ्रमिष्ट होत चालला आहे. त्याला धास्ती अशी की स्वारीचे सगळे श्रेय भूदल आणि हवाई दल खाणार आणि युद्ध संपल्यावर नौदलाच्या अंदाजपत्रकाला कात्री लागणार. मग त्याच्या डोक्यात कल्पना येते: नॉर्मंडीतल्या ओमाहा किनाऱ्यावर मरणारा पहिला माणूस खलाशी असला पाहिजे. त्याचे चित्रीकरण झाले पाहिजे, त्याची समाधी झाली पाहिजे. हे काम चार्लीवर येते. तो परोपरीने टाळतो, पण त्याचा मित्र बस कमिंग्ज (जेम्स कोबर्न), जो आदल्या दिवसापर्यंत त्याच्याइतकाच चैनी होता, अचानक कर्तव्यनिष्ठ होतो आणि त्याला ओढत नेतो. किनाऱ्यावर चार्ली उलट्या पावली पळायला लागतो. कमिंग्ज मागून त्याच्या पायावर गोळी झाडतो. मग स्फोट, धूर, आणि दुसऱ्या दिवशी जगभरच्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर चार्लीचा फोटो: ओमाहावरचा पहिला हुतात्मा.

प्रेक्षक हसतात. अतिशयोक्ती आहे, असे म्हणतात. पण प्रत्यक्षात काय घडले होते बघा. स्वारीच्या सहा आठवडे आधी, एप्रिल १९४४ मध्ये, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर स्लॅप्टन सँड्सजवळ याच स्वारीची रंगीत तालीम चालू होती. जर्मन टॉर्पेडो नौकांनी अमेरिकी जहाजांच्या ताफ्यावर झडप घातली. सातशेच्या आसपास माणसे मेली, त्यांतले कित्येक जण बुडून आणि थंडीने. वाचलेल्यांना गप्प राहायचे हुकूम मिळाले. स्वारीचे गुपित फुटू नये हे त्यामागचे कारण तेव्हा रास्त होते. तरी ही माणसे नंतरही कित्येक वर्षे जनतेच्या स्मरणात आली नाहीत. तालमीत, गोंधळात, स्वतःच्या सेनेच्या ढिसाळपणामुळे आलेल्या मरणाला पहिले पान मिळत नाही. जेसपचा वेडेपणा एवढाच की इतर जे न बोलता करतात ते तो बोलून दाखवतो.

मुंबईत जन्मलेल्या रडयार्ड किपलिंगची हकीकत या संदर्भात मला फार अस्वस्थ करते. पहिल्या महायुद्धात त्याने लेखणी पूर्णपणे भरतीच्या कामाला जुंपली. मुलगा जॉन याची नजर अधू, भरतीत नापास झाला. बापाने लॉर्ड रॉबर्ट्सकडे शब्द टाकून त्याला आयरिश गार्ड्समध्ये जागा मिळवून दिली. सप्टेंबर १९१५ मध्ये लूसच्या लढाईत जॉन गेला, जेमतेम अठरा वर्षांचा. बापाच्या हयातीत त्याचे प्रेतही ओळखले गेले नाही. पुढे किपलिंग युद्धदफनभूमींच्या आयोगावर गेला. आज जगभरच्या त्या दफनभूमींतल्या स्मृतिशिलांवर, यांची नावे चिरंतन राहतील अशा अर्थाचे जे बायबलचे वाक्य कोरलेले दिसते, ते त्याने सुचवलेले. आणि याच माणसाने १९१९ मध्ये दोन ओळींचा एक मृत्युलेख लिहिला. त्यात मेलेली मुले सांगतात की आम्ही का मेलो असे कुणी विचारले तर सांगा, आमचे बाप खोटे बोलले म्हणून. देऊळ त्यानेच बांधले आणि कबुलीही त्यानेच दिली. जगाने शिला जपल्या. त्या दोन ओळी कुठल्या स्मारकाच्या दर्शनी भिंतीवर मी पाहिलेल्या नाहीत.

आपल्याकडचे बोलायचे तर सुरुवात रायगड जिल्ह्यातल्या माणगावपासून करतो. नाईक यशवंत घाडगे तिथल्या तालुक्यातले. चार्लीच्या काल्पनिक मरणानंतर महिनाभराने, १० जुलै १९४४ला, इटलीत टायबरच्या खोऱ्यात मराठा पलटणीतला हा २२ वर्षांचा माणूस, बरोबरचे सगळे मेल्यावर किंवा जखमी झाल्यावर, एकटा मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेला, ते घेतले, आणि लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी पडला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे. तो असावाच. चार्ली पुतळ्यांना हसतो तेव्हा या पुतळ्याला हसायची माझी तयारी नाही.

पण त्या पुतळ्याशेजारी दुसराही इतिहास सांगितला गेला पाहिजे. ३ सप्टेंबर १९३९ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारत युद्धात उतरल्याचे परस्पर जाहीर केले, कुणा भारतीयाला विचारले नाही. त्याच्या निषेधात प्रांतोप्रांतीच्या काँग्रेस सरकारांनी राजीनामे दिले, त्यांत मुंबई प्रांताचे बाळासाहेब खेर यांचे सरकार होते. घाडग्यांनी ज्या साम्राज्यासाठी प्राण दिला त्याने पुढच्याच वर्षी लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटला भरला. घाडग्यांचा पराक्रम खरा आणि त्यांना तिथे धाडणारा हुकूम अन्यायाचा, ही दोन्ही वाक्ये एका श्वासात म्हणता आली पाहिजेत. पहिले वाक्य दुसऱ्याचे तोंड बंद करायला वापरले जाते तेव्हा चार्लीचे म्हणणे खरे ठरते.

आणि विधवेचा वेष. चार्ली त्याविषयी बोलतो तेव्हा तो रूपक म्हणून बोलतो. आपल्याकडे तो सरकारी नियम होता. शौर्यपदक मिळवून गेलेल्या सैनिकाच्या पत्नीला पदकाचा मासिक भत्ता मिळे. तिने पुनर्विवाह केला तर तो बंद. अपवाद एकच: तिने दिवंगत नवऱ्याच्या भावाशी लग्न केले तर चालू. ही अट संरक्षण मंत्रालयाने काढली ती २०१७च्या नोव्हेंबरमध्ये. म्हणजे एकविसाव्या शतकातली सतरा वर्षे सरकार वीरपत्नीला सांगत होते की तुझे शौर्यमूल्य तुझ्या वैधव्यावर अवलंबून आहे, फार तर दिराच्या घरी. महर्षी कर्व्यांच्या महाराष्ट्रात तरी या नियमाविरुद्ध मोठी आरडाओरड झाल्याचे मला आठवत नाही. आपण तिला हार घालण्यात मग्न होतो.

हाराची दुसरी अट गप्प बसण्याची. २०२५च्या एप्रिलमध्ये पहलगामला पर्यटकांवर हल्ला झाला. त्यात नवरा गमावलेली एक तरुण स्त्री मृतदेहाशेजारी बसलेली देशाने पाहिली आणि तिला सर्वांनी मनात जागा दिली. काही दिवसांनी तीच स्त्री म्हणाली की मुसलमानांच्या आणि काश्मिरींच्या मागे कुणी लागू नये, मला शांतता हवी आहे, आणि न्याय. त्याबरोबर जे लोक तिच्या नावाने अश्रू ढाळत होते त्यांतलेच कितीतरी जण समाजमाध्यमांवर तिच्या चारित्र्यापर्यंत घसरले. राष्ट्रीय महिला आयोगाला निषेधाचे निवेदन काढावे लागले. तिचे दुःख लोकांना हवे होते, पण त्या दुःखातून तिने काय निष्कर्ष काढावा हे ठरवायचा हक्क त्यांना स्वतःकडे ठेवायचा होता. पुढच्याच महिन्यात एका रात्री कितीतरी वृत्तवाहिन्यांनी भारतीय नौदलाने कराची बंदर उद्ध्वस्त केल्याचे ओरडून सांगितले. नौदलाने असे काही केल्याचे म्हटलेले नव्हते. बंदर जागेवर होते. स्टुडिओत सायरन वाजत होते, निवेदकांचे डोळे चमकत होते. ॲडमिरल जेसपला निदान आपण आजारी होतो हे बरे झाल्यावर कळते आणि शरम वाटते. त्या रात्रीबद्दल शरम वाटलेला निवेदक विरळा.

मग स्मरण करायचेच नाही का? करायचे, आणि त्याचा एक नमुना अमेरिकेनेच दिला आहे, त्या टोन्किनच्या ठरावाने ओढवलेल्या युद्धानंतर. व्हिएतनाममध्ये मेलेल्यांच्या स्मारकासाठी स्पर्धा झाली, त्यात माया लिन या येल विद्यापीठातल्या २१ वर्षांच्या विद्यार्थिनीचा आराखडा निवडला गेला. जमिनीत उतरत जाणाऱ्या काळ्या ग्रॅनाइटच्या दोन भिंती आणि त्यांवर ५८,००० च्या आसपास नावे, मरणाच्या तारखेच्या क्रमाने, हुद्द्याशिवाय. झेंडा नाही, घोडा नाही, तलवार नाही. केवढा गदारोळ झाला! ही काळी शरमेची खूण आहे, असे माजी सैनिकांतलेच काही जण म्हणाले. शेवटी तडजोड म्हणून जवळच तीन सैनिकांचा रीतसर पुतळा १९८४ मध्ये उभा राहिला. पण लोक थांबतात ते भिंतीपाशी, बोटाने नाव शोधतात, कागद ठेवून पेन्सिलीने नावाचा ठसा घेतात. ग्रॅनाइट आरशासारखे चकाकते, त्यामुळे नाव वाचताना वाचणाऱ्याचा चेहरा त्यात दिसतो. ती भिंत हरल्याचे म्हणत नाही, जिंकल्याचे म्हणत नाही, पुढच्या कुणाला बोलावत तर मुळीच नाही. दिल्लीतल्या राष्ट्रीय समर स्मारकावरही २५ हजारांहून अधिक नावे आहेत. मला विचाराल तर तिथली सर्वांत मोलाची गोष्ट तीच आहे. आजूबाजूच्या शिल्पांपेक्षा त्या नावांपाशी मुलांना जास्त वेळ थांबवावे. २६ जुलैला शाळेत पोरांच्या हाती प्लास्टिकच्या बंदुका देऊन त्यांना ‘वीर’ बनवण्यापेक्षा कारगिलच्या ५२७ नावांतली काही नावे त्यांना नुसती वाचायला लावावीत, आणि हा माणूस किती वर्षांचा होता एवढेच विचारावे.

राहता राहिला चित्रपटाचा शेवट, ज्यावर माझे आणि चायेफस्कीचे भांडण आहे. चार्ली मेलेला नाही, जखमी होऊन इंग्लंडच्या बंदरात परत येतो. बरा झालेला जेसप त्याला आता जिवंत वीर म्हणून वॉशिंग्टनला मिरवायला न्यायला निघाला आहे. चार्ली संतापतो: मी जगाला खरे सांगणार, तुरुंगात गेलो तरी बेहत्तर. आणि एमिली त्याला अडवते. सत्यासाठी तुरुंगात जाणे हे पुन्हा शौर्यच झाले की, ती म्हणते. तुझ्या धर्माला जाग, भित्रा राहा, वीर म्हणवून घे आणि माझ्याबरोबर जग. चार्लीला ते पटते. युक्तिवाद इतका चलाख आहे की प्रेक्षक टाळ्या वाजवून बाहेर पडतो.

आपल्या विराटपर्वातला उत्तर आठवतो. कौरवसेना बघून रथातून उडी टाकून पळालेला, बृहन्नडेने धरून परत आणलेला. लढाई अर्जुनाने जिंकली, आणि नगरात मात्र राजा विराट मुलाच्या विजयाचे डंके पिटत होता, विजय बृहन्नडेचा असे सुचवणाऱ्या कंकाच्या तोंडावर फासा फेकून मारत होता. घरी आल्यावर त्या भित्र्या उत्तराने बापाला सांगितले की गाई मी सोडवल्या नाहीत. खरे सांगायला त्याला शूर व्हावे लागले नाही, थोडी लाज पुरली. त्याचा पुढे उपयोग झाला नाही, हे खरे. कुरुक्षेत्रावर पहिल्याच दिवशी शल्याने त्याला मारले. तरी त्याच्या खोट्या विजयावर भाळून दुसरा कुणी मेला नाही.

चार्लीबद्दल तेवढे म्हणता येत नाही. ओमाहावरच्या पहिल्या हुतात्म्याचा तो फोटो अमेरिकेत घरोघर पोचला, त्याच्या आईच्या घरीही पोचला असणार. तिथे एक मुलगा भरतीच्या वयाची वाट बघत बसला आहे. त्याचा एक भाऊ ॲन्झिओला शूराचे मरण मेला असे आईने त्याला सांगितले आहे, आणि आता दुसऱ्याचे शौर्य त्याने छापलेले पाहिले. एमिलीने चार्लीला गप्प बसवले ते प्रेमापोटी, हे मान्य. पण त्या गप्प बसण्याची किंमत हा धाकटा मोजणार, आणि त्याला कुणी विचारलेलेच नाही.